रकान्यात एकच नाव

वैद्यकीय तपासणीत नापास कसं व्हायचं, हे फौजीला कुणी कधी शिकवलंच नव्हतं. सतरा वर्षं तोफखान्यात काढली. दर वर्षी तपासणी झाली आणि दर वर्षी तो पास झाला. पास झालं की तोफेवर परत, नापास झालं की कोठारात बसून ब्लँकेटं मोजायची, हे गणित अंगात इतकं मुरलेलं की नुसता पांढरा कोट दिसला तरी त्याचे खांदे आपोआप मागे जायचे. म्हणून अपंगत्वाच्या पेन्शनसाठी मंडळाच्या डॉक्टरसमोर उभं राहायची वेळ आली, तेव्हा त्याने त्याच्यासारखा माणूसच करू शकेल अशी चूक केली. तो पास झाला.

त्याची बायको त्या खोलीत होती. "पाय जुळवून उभे राहा, हात बाजूला, डोळे मिटा," डॉक्टर म्हणाला. फौजी उभा राहिला, आणि डोळे मिटायच्या आधी अर्धं पाऊल मागे सरकला. तेवढ्याने त्याची उजवी पोटरी तपासणीच्या खाटेच्या लोखंडी दांड्याला टेकली. बायको चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायची. अर्ध्या अंशाचा फरकही तिच्या नजरेतून सुटत नसे, तशी ती पोटरीही सुटली नाही. अर्धं मिनिट फौजी खांबासारखा उभा. डॉक्टरने विचारलं, "काही त्रास?" फौजी म्हणाला, "ठीक आहे, साहेब!" आणि लाजायची गोष्ट ही, की बायकोलाही त्या क्षणी हायसं वाटलं. वा, जमलं यांना.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. 'तोल: दोष आढळला नाही. अर्जदार स्वतः प्रकृती ठीक असल्याचे सांगतो.' ते वाचलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण दोघं कशाचा आनंद मानून घरी आलो होतो.

पत्रासोबत अपिलाचा फॉर्म होता. शुक्रवारी चारच्या आत द्यायचा. त्यात शेवटून दुसरा रकाना प्रतिनिधीचा: अर्जदाराच्या वतीने कागदपत्रं पाहणारा, मंडळासमोर बोलणारा माणूस. रकान्यात नाव एकच लिहायचं, आणि खाली बारीक अक्षरांत छापलेलं होतं की सुनावणी होईपर्यंत ते बदलता येणार नाही. अपीलही एकदाच. नंतर दार बंद.

तिला भीती पेन्शन हुकण्याची नव्हती. म्हणजे होती, पण ती दोन नंबरची. पहिली भीती वेगळीच होती.

सैन्यातून परत आल्यावर फौजी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत लागला होता. लिफ्टच्या डब्यात तर सगळेच उभे राहतात. हा डब्याच्या छपरावर उभा राहायचा. चहूबाजूंनी उंचच उंच अंधारा बोळ, वर दोर, आणि डब्याच्या कडेला भिंतीपर्यंत माणूस सहज जाईल एवढी फट. डोक्यावरच्या हेल्मेटला दिवा. हे सगळं तिला आधीपासून माहीत होतं आणि त्याचं तिला काही वाटत नव्हतं. शूर माणूस आहे, उंचीची सवय आहे, एवढंच.

दोन महिन्यांपूर्वी एका दुपारी वीज गेली. फौजी न्हाणीघरात होता, त्या न्हाणीघराला खिडकी नाही. धाडकन आवाज आला. तिने दार ढकललं तर फौजी बादली आणि भिंत यांच्या मध्ये बसलेला, हसत.

"साबणावरून घसरलो."

तिने त्याला उठवलं, टॉवेल दिला, आणि तो बाहेर गेल्यावर वाकून फरशीवर हात फिरवला. फरशी कोरडी होती. साबण वर फळीवर होता, तोही कोरडा.

ती तशीच बसून राहिली. अंधार झाला आणि माणूस पडला, एवढीच गोष्ट. मग तिला तो लिफ्टचा बोळ आठवला, त्यालाही खिडकी नसते. त्या दिवसापासून दुकानात फोन वाजला की तिच्या हातातली काच चाकावर जास्त दाबली जायची. दोन आठवड्यांत तिने चार काचा वाया घालवल्या. मालक म्हणाले, "बाई, काय चाललंय?" तिने डोकेदुखीचं नाव सांगितलं.

फौजीला खोदून खोदून विचारलं तेव्हा कुठे थोडं बाहेर आलं. सीमेवरची सहा दिवसांची लढाई. तोफेवर प्रत्येकाला नंबर असतो, फौजी तीन नंबर. नळीशेजारी बसून नेम लावायचा. कानात घालायचे बोळे तिसऱ्या दिवशी संपले, मग कापूस, मग तोही संपला. चौथ्या दिवशी एका बारानंतर जमीन तिरकी झाली. तोफेमागे जाऊन त्याने उलटी केली आणि परत जागेवर येऊन बसला.

"दवाखान्यात नाही गेलात?"

"मी गेलो असतो तर तोफेवर एक माणूस कमी. आणि दर फैरीनंतर नंबर पुकारायचे असतात. एक ठीक, दोन ठीक. तीनवर गप्प बसून कसं चालेल?"

"आणि हेल्मेटचा दिवा गेला तर?"

"दुसरा असतो खिशात."

"तो लावेपर्यंत?"

फौजी उठला आणि पाणी प्यायला गेला. दुसऱ्या दिवशी तिनेच पेन्शनचा अर्ज त्याच्यासमोर ठेवला.

मंगळवारी मोठी नणंद आली. नणंदेचा स्वभाव असा, की घरात पाऊल टाकायच्या आधी तिचा सल्ला आत आलेला असतो.

"त्यात विचार कसला करायचा गं? साहेबांना सांगा की! त्याचे तोफखान्यातले साहेब एवढे मोठे माणूस, पेपरात फोटो येतात त्यांचे. ते नुसते आत शिरले तरी मंडळ उभं राहील."

"मंडळ उभं राहून काय उपयोग ताई, हे खाली बसायला पाहिजेत ना. हे साहेबांसमोर बसतसुद्धा नाहीत."

"ती शिस्त आहे. तुला नाही कळायची. तू काचा घास."

"काचा घासते म्हणून तर दिसतं मला."

"ऐकलंस?" नणंद भावाकडे वळली. "तुझी बायको टोमणे मारायला शिकली. चांगलं आहे, पेन्शन नाही मिळाली तर तेवढीच करमणूक."

फौजी हसला. साहेबांचं नाव निघाल्यापासून त्याचा चेहरा उजळला होता.

बुधवारी ते साहेबांकडे गेले. मोठी, लख्ख उजेडाची बैठक. काचेचं टेबल, भिंतीवर बोटीचं चित्र. साहेब थकले होते, पण आवाज तसाच खणखणीत.

"माझा तीन नंबर! कसा आहेस?"

"एकदम ठीक, साहेब!"

तिने पाहिलं, फौजीची नजर बोटीच्या शिडाच्या टोकावर खिळली होती. नेम लावणाऱ्याला आधी एक खूण पक्की करायची सवय असते, तशी तो प्रत्येक खोलीत गेल्या गेल्या एक खूण शोधायचा आणि डोळे तिथे अडकवून ठेवायचा. तेवढ्यावर तो ताठ उभा राहू शके. साहेबांनी दोनदा बस म्हटलं, तो दोन्ही वेळा उभाच राहिला.

"मी येईन ना मंडळासमोर," साहेब म्हणाले. "माझ्या माणसासाठी नाही येणार तर कुणासाठी? मी सांगेन त्यांना, असा दणकट गडी सगळ्या तुकडीत नव्हता. सहा दिवस जागचा हलला नाही."

हा माणूस प्रेमाने बोलत होता आणि त्याचं एकेक वाक्य अपिलावर मातीसारखं पडत होतं. तिने धीर केला. "साहेब, चौथ्या दिवशी यांना तोफेमागे उलटी झाली होती. तुम्ही पाहिलं होतं ना?"

साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. त्यांना आठवत होतं, हे तिला स्पष्ट दिसलं. पण ते तोंड उघडायच्या आत फौजीच बोलला.

"काही नव्हतं साहेब ते. खाण्यात काहीतरी आलं असेल."

"तेच म्हणतो मी," साहेब म्हणाले, आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला.

परतताना बसमध्ये फौजी गुणगुणत होता.

त्याच दिवशी संध्याकाळी ती त्याला हट्टाने आणखी एका ठिकाणी घेऊन गेली. दुकानात चष्मा न्यायला येणाऱ्या एका निवृत्त शिपायाने पत्ता दिला होता. सायकल स्टँडच्या मागे एक खोली. लष्करी इस्पितळाच्या नोंदणी विभागात उभी हयात काढलेल्या एक बाई तिथे बसायच्या. लोक त्यांना फायलीवाल्या बाई म्हणायचे. टेबलावर फायली, खुर्चीवर फायली. त्यांनी आधी खुर्ची रिकामी केली, मग पत्र वाचलं, मग फौजीकडे पाहिलं.

"खाटेला टेकला होतात की भिंतीला?"

फौजी चपापला. "काय?"

"डोळे मिटले तेव्हा. तुमच्यासारखे बरेच येतात माझ्याकडे. सगळे पास झालेले."

बायकोला हसू आलं आणि रडूही. बाईंनी खुर्चीवरची जाड फोमची गादी काढून खोलीच्या मधोमध फरशीवर ठेवली. दोन्ही बाजूंना फायलींचे गठ्ठे सरकवले. "हे बघा. शरीराला तोल तीन ठिकाणांहून कळतो. डोळे, तळपाय आणि कानाच्या आतलं एक यंत्र. एक बिघडलं तर बाकीचे दोन सांभाळून घेतात. मऊ गादीवर उभं राहिलं की तळपायांना नीट कळत नाही. डोळे मिटले की तेही गेले. मग उरतो कान. बघू या, कान काय म्हणतो. वहिनी, तुम्ही यांच्या उजव्या हाताला या. स्पर्श करायचा नाही. पडले तर मात्र धरा."

"मी नाही पडणार," फौजी म्हणाला.

"उत्तम. उभे राहा."

तो गादीवर चढला, पाय जुळवले. नजर समोरच्या खिळ्यावर. ताठ. बाईंनी हातात घड्याळ घेतलं. "मिटा डोळे."

एक सेकंद काहीच झालं नाही. दुसऱ्या सेकंदाला त्याची बोटं हवेत काहीतरी चाचपू लागली. तिसरा पुरा व्हायच्या आत तो उजवीकडे गेला. कलला नाही, झोक गेला नाही. तोडलेलं झाड जातं तसा सरळ गेला. आणि तिला जे सगळ्यात भयंकर वाटलं ते हे, की त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. आपण पडतोय हे त्याला कळतच नव्हतं. त्याच्या हिशेबाने तो उभाच होता. तिने दोन्ही हातांनी त्याला धरलं, दोघंही गठ्ठ्यांवर आदळले, आणि मग त्याने डोळे उघडले व आपण कुठे आहोत हे पाहून दचकला.

"अडीच," बाईंनी कागदावर लिहिलं. "काम काय करता?"

बायकोने सांगितलं. बाईंचं पेन थांबलं.

"छपरावर?"

"हो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग माझं ऐका. मी प्रतिनिधी होईन, पण ते काम उद्यापासून बंद. मंडळ पहिला प्रश्न काय विचारेल? अंधारात तोल जातो म्हणता आणि रोज अंधारात छपरावर चढता. यातलं एक खोटं आहे. मी खोट्यासाठी बोलत नाही."

"निकाल लागेपर्यंत खायचं काय?" फौजी म्हणाला.

"ते मला माहीत नाही."

"किती दिवस लागतील?"

"आठ महिने. एका माणसाला चौदा लागले."

"पण जिंकू ना?"

"सांगता येत नाही. नक्की जिंकू म्हणणारा एक समोरच्या गल्लीत बसतो, त्याचा बोर्डही माझ्यापेक्षा मोठा आहे. आणि तुमच्या साहेबांना साक्षीदार करा, प्रतिनिधी करू नका. एकाच माणसाला दोन्ही होता येत नाही. उलटी पाहिलेला माणूस तेवढा एकच आहे. तोच तुमच्या बाजूने भाषण करायला उभा राहिला, तर पाहिलेलं सांगणार कोण?"

बाहेर आल्यावर फौजीच्या रागाचा पारा चढला. "मला गादीवर उभं केलं! लहान पोराला करतात तसं. आणि तू बघत होतीस."

"मी धरत होते."

"एकच आहे ते."

"अहो, तुम्हाला कळलंसुद्धा नाही तुम्ही पडताय ते."

"बास." तो रस्त्याच्या कडेने भिंतीलगत चालू लागला. पुढे गेल्यावर थांबला आणि हळू आवाजात म्हणाला, "साहेबांसमोर मी अजून माणूस आहे. त्या बाईच्या फायलीत मी काय होणार, सांग."

बाईंनी जाताना तिच्या हातात एक कोरा फॉर्म दिला होता, तो तिने पर्समध्ये घडी करून ठेवला.

शुक्रवारी सकाळी फौजीने भरलेला फॉर्म टेबलावर ठेवला. प्रतिनिधीच्या रकान्यात साहेबांचं पूर्ण नाव, हुद्द्यासकट, सुवाच्य अक्षरात. खाली सही. "दुपारच्या सुट्टीत देऊन ये. मला आज बाजारातल्या आठ मजली इमारतीत काम आहे, जमणार नाही."

तिने फॉर्म घेतला. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ती आज खरोखरच होती, फक्त तिची विहीर उभी होती, आठ मजल्यांची, आणि तिच्यात नवरा रोज उतरत होता.

दोन वाजता ती मंडळाच्या कचेरीकडे निघाली. वाटेत तिने त्याला फोन केला. उचलला नाही. छपरावर असला की तो उचलत नाही, हे तिला माहीत होतं. पुन्हा केला. सातव्यांदा केला तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपले पाय कचेरीच्या रस्त्याने जातच नाहीयेत. एकदा हा कागद खिडकीतून आत गेला की सोमवारी तो पुन्हा छपरावर. मंगळवारी पुन्हा. साहेब येणार, भाषण करणार, मंडळ शाबासकी देणार, आणि दणकट गडी परत बोळात.

इमारतीच्या दारात 'लिफ्ट बंद' अशी पाटी होती. आत शिरली तर जिन्यात अंधार. पहारेकरी म्हणाला, "विजेचं काम चाललंय, मेन बंद आहे. जपून जा." ती कठड्याला धरून चढू लागली. पाचव्या मजल्यावर तिला धाप लागली, सहाव्यावर तिने थांबून कान दिला. वरून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज येत होता. तो आवाज येतोय तोवर सगळं ठीक. ती आवाजाच्या मागे मागे चढत राहिली, आणि सातव्यावर आवाज थांबला.

उरलेल्या पायऱ्या ती कशी चढली, तिला नंतर आठवेना.

आठव्या मजल्यावर लिफ्टचं बाहेरचं दार उघडं होतं आणि त्याच्या तोंडाशी मामा उकिडवा बसला होता. मामा म्हणजे फौजीचा जोडीदार, वीस वर्षं हेच काम करणारा जुना मेकॅनिक. त्याच्या हातातला टॉर्च आत रोखलेला. आत, दाराच्या पातळीपासून हातभर खाली, डब्याच्या छपरावर फौजी पाठमोरा उभा. जुन्या लिफ्टचं छप्पर, त्याला कठडा नव्हता. तो वाकून पिशवीतला पाना शोधत होता.

तिच्या ओठांवर हाक आली आणि तिने ती दातांखाली दाबली. हाक मारली तर तो झटकन वळणार. वळला तर नजर खुणेवरून सुटणार.

"अरे वहिनी!" मामा कुजबुजला नाही, पण आवाज मोठाही नव्हता. "जेवणाचा डबा द्यायला आठ मजले? एवढं प्रेम आमच्या घरी नाही बुवा."

ती त्याच्या शेजारी गुडघ्यावर बसली. "मामा, टॉर्च हलवू नका."

"काय झालं?"

"आधी टॉर्च स्थिर धरा. यांना अंधारात तोल राहत नाही. अजिबात नाही. अडीच सेकंद."

मामाने हसून तिच्याकडे पाहिलं, आणि ते हसू जागच्या जागी वाळलं. त्याने दुसरा हातही टॉर्चला लावला.

"वहिनी," तो अगदी हळू म्हणाला, "दहा मिनिटांपूर्वी मी हा टॉर्च घेऊन खाली गेलो होतो. बोल्ट आणायला."

"हेल्मेटचा दिवा?"

"सकाळपासून मिणमिणतोय. आम्ही दोघं त्यावर विनोद करत होतो."

दोघंही काही क्षण त्या पाठीकडे बघत राहिले. मग मामा नेहमीच्या सुरात म्हणाला, "फौजी, पाना राहू दे. वर ये. दाराकडे बघत ये, सावकाश. तंबाखू खाऊ."

"आत्ता? बोल्ट अर्धा बसलाय."

"ये रे बाबा. म्हाताऱ्याचं ऐक."

फौजी वळला, चौकटीला हात घातला, चढून बाहेर आला आणि बायकोला पाहून थबकला. मामाने आत हात घालून छपरावरचं लिफ्ट रोखायचं लाल बटण दाबलं, दार ओढून घेतलं आणि दाराची किल्ली खिशात टाकली.

"फॉर्म दिलास?" फौजीने तिला विचारलं.

"नाही."

"वहिनी म्हणतात ते खरं?" मामा म्हणाला.

"काय म्हणते?"

"तुला ठाऊक आहे काय म्हणतात ते."

फौजीने तोंड उघडलं. नेहमीचा शब्द जिभेवर आलेला तिला दिसला. पण समोर साहेब नव्हते. तळहातांना ग्रीस लागलेला, घाबरलेला म्हातारा मेकॅनिक होता.

"तू वर असतोस तेव्हा खाली खड्ड्यात कोण असतं?" मामाचा आवाज चिरकला. "मी असतो ना! तू माझ्या डोक्यावर पडला असतास, गाढवा. मला नाती आहेत दोन. मला तरी सांगायचं होतंस." त्याने कपाळ पुसलं. "आता तू माझ्याबरोबर वर चढणार नाहीस. कंपनीला मी कळवतो. तू कळवलंस तर बरं."

जिना उतरताना फौजी पुढे, ती मागे. सातवा मजला आला.

"पोटावर पाय दिलास माझ्या," तो म्हणाला.

"हो. दिला."

तिने आणखी काही म्हणावं म्हणून तो थांबला, मग पुढे उतरू लागला. सहाव्या मजल्याच्या वळणावर जिन्याचा उजेड पार संपला. तिला त्याच्या पावलांचा आवाज बदललेला ऐकू आला. एक पाय घासत पुढे, मग दुसरा. मग तो खाली बसला, पायरीवरच, भिंतीला पाठ लावून. ती त्याच्याजवळ बसली.

"किती वेळा?" तिने विचारलं.

त्याने भिंतीवर डोकं टेकवलं.

"तीनदा. दोनदा छपरावर, एकदा वरच्या मशीनच्या खोलीत." तो अंधारात बोलत होता, त्यामुळे त्याचा चेहरा दिसत नव्हता. "दिवा गेला की वर कुठे, खाली कुठे, काही कळत नाही. पहिल्यांदा दोर धरला. लिफ्ट चालू असती तर हात गेला असता. म्हणून दुसऱ्यांदा दोर नाही धरला. पालथा पडून राहिलो. वाटत होतं, छप्पर उलटं झालंय आणि मी त्याला खालून चिकटलोय. मामा खालून विचारत होता, झालं का रे? मी म्हटलं, झालं."

ती एकदाच झालं असेल असं धरून चालली होती, आणि तेवढ्यावर दोन महिने तिची झोप उडाली होती.

"हे असंच त्या बाईंना सांगाल?"

"असंच?"

"छप्पर उलटं झालं, तेसुद्धा."

"आणि साहेबांना काय तोंड दाखवू?"

"साहेबांना सांगा, तुम्ही जे पाहिलंत ते लिहून द्या. दिलं तर दिलं. नाही दिलं तर आपल्याला कळेल."

तिने पर्समधून कोरा फॉर्म काढला आणि मोबाइलचा उजेड त्यावर धरला. उजेड पडताच त्याने मान वर केली, आजूबाजूला पाहिलं, पायऱ्या मोजल्यासारख्या नजरेने तपासल्या आणि मग कुठे पेन घेतलं. गुडघ्यावर कागद ठेवून त्याने एकेक रकाना भरला. प्रतिनिधीच्या रकान्याशी येऊन तो एवढा वेळ थांबला, की मोबाइलचा उजेड आपोआप विझला आणि तिला तो पुन्हा लावावा लागला. मग त्याने बाईंचं नाव लिहिलं. सही केली. साहेबांच्या नावाचा फॉर्म त्याने फाडला नाही. घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला.

कचेरीच्या खिडकीवर पोहोचले तेव्हा चार वाजायला बारा मिनिटं होती. आतल्या कारकुनाने नाव वाचलं, भुवया वर केल्या. "या बाई? बघा हं, सुनावणी होईपर्यंत बदलता येणार नाही."

"माहीत आहे," फौजी म्हणाला.

शिक्का पडला.

बाहेर ऊन होतं. फौजीने डोळ्यांवर हात धरला. "सोमवारी सकाळी सात वाजता मी काय करायचं?" त्याने विचारलं. सात वाजता तो घरातून निघायचा, इतकी वर्षं.

"बघू," ती म्हणाली. आठ महिने. चौदा. ती मनातल्या मनात दुकानातल्या जादा कामाचे तास जमवू लागली आणि ते काही केल्या पुरेनात.

बस थांबा रस्त्याच्या पलीकडे होता. तिकडे जायला भुयारी वाट होती. सगळे लोक तिच्यात उतरत होते आणि पलीकडून वर येत होते. ते दोघं तोंडाशी आले. आतले दिवे गेलेले होते. पलीकडच्या टोकाला उजेडाचा बारीक चौकोन दिसत होता, मधे नुसता काळोख. मागून येणारे लोक त्यांना वळसा घालून खाली जात होते.

सवयीने तिने पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं. फौजी वरच थांबला होता.

"इथून नको," तो म्हणाला.

ती परत वर आली. लांबच्या चौकाला वळसा घालून, उजेडातून, ते चालत निघाले.